घाटातला हीटर

धाकट्या बहिणीच्या गाडीतली जागा नाकारण्यात थोरलीचा फायदा सरळ होता. त्या गाडीत तिला मागे, पिशव्यांच्या शेजारी बसून धाकटीच्या नवऱ्याचं गाडीपुराण ऐकावं लागलं असतं. स्वतःच्या नवऱ्याच्या ट्रकमध्ये मात्र ती पुढे बसणार, उंचावर, गारव्यात. आणि धाकटीच्या नव्या घरासमोर इस्त्रीची घडी न मोडता उतरणार. "आमच्याही केबिनला एसी आहे म्हटलं," हे तिने आईच्या दारात चार जणांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं होतं. ट्रेलरवरचा रोडरोलर पुढे पोचवायचा होता आणि धाकटीचं घर वाटेवरच होतं.

खर्चाची बाजू तिने पाहिली नव्हती. ती नवऱ्याला ठाऊक होती, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. डेपोत त्याला थंडोबा म्हणत. त्याचं डोकं तापत नसे आणि इंजिनही. दोन्हींची रीत एकच, तापायच्या आधी बघायचं. पहाटेच उठून त्याने रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे पाणी मारून काढले, कूलंट पाहिलं, पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. एवढं वजन ओढत घाट चढायचा तो उन्हाआधी. ट्रक तयार होता. थोरली नव्हती. तिने केस दोनदा बांधले, आणि एकदाही मनासारखे बसले नाहीत. ती बाहेर आली तेव्हा बॉनेटला हात लावणं अवघड झालं होतं.

"छान दिसतेस," एवढंच थंडोबा म्हणाला.

घाटाच्या पायथ्याशी त्याने एसी बंद केला.

"अहो, हे काय?"

"चढ लागला. एसीचंही ओझं इंजिनावरच येतं."

"बरं. मग काच खाली घेते."

"घे." त्याने दुसरं बटण फिरवलं आणि तिच्या पायांवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा आली.

"अहो, चुकून हीटर लागला."

"चुकून नाही. इंजिनाचा ताप थोडा आत ओढून घ्यायचा. तेवढंच त्याला हलकं वाटतं."

"त्याचा ताप आपण घ्यायचा? सोयरं लागतं का ते तुमचं?"

"सोयऱ्यांचा घेतोच की," थंडोबा म्हणाला.

पहाटे निघालो असतो तर ही वेळ आली नसती, असं तो म्हणाला नाही. थोरलीला ते ऐकू आलंच.

दुसऱ्या वळणावर आरशात धाकटीची गाडी दिसली. थोरलीने झटकन काच वर केली.

"तुमचीही करा."

"हीटर चालू आहे, अगं."

"माहितीये. पण वळणावर त्यांना खालून काचा दिसतात. एसी आहे म्हणून सांगून आलेय मी."

बायकोशी आणि घाटाशी मध्यावर वाद घालू नये, हा थंडोबाचा जुना अनुभव. त्याने काच वर केली.

रस्ता अरुंद, ट्रेलर रुंद. गाडीला पुढे जाता येईना. प्रत्येक वळणावर थोरली खाली बघून थंडगार माणसासारखी हसे. तोंडाला लावलेली पावडर हनुवटीपर्यंत पोचली होती.

"थांबून त्यांना पुढे जाऊ द्या ना."

"चढावर थांबलो तर हे धूड पुन्हा उचलताना इंजिन जास्त तापेल. आता वर जाऊनच."

पण तापमानाचा काटा लालकडे सरकू लागला. थंडोबाने गिअर खाली घेतला. ट्रक आणखी हळू झाला, इंजिनाचा आवाज मात्र चढला.

"ओरडतंय की ते."

"ओरडू दे. पंखा जोरात फिरतो. कण्हायला लागलं की भ्यायचं." त्याने काट्याकडे पाहिलं. "पण आणखी वर गेला तर बाजूला घ्यावी लागेल."

थोरलीला चित्र दिसलं. बॉनेटमधून वाफा, रस्त्याच्या कडेला आपण, आणि गाडीची काच खाली करून धाकटी, "ताई, ये ना आमच्यात." हीटर दोनवर होता. तिने स्वतः तो तीनवर नेला.

बरोबरीच्या ड्रायव्हरकडे पाहावं तसं थंडोबाने तिच्याकडे पाहिलं.

काटा थरथरला, थबकला, मग मागे फिरला. "आला खाली," हे आधी तीच म्हणाली.

माथ्यावर त्याने ट्रक कडेला घेतला, पण इंजिन चालूच ठेवलं.

"बंद नाही करत?"

"धावत आलेल्या माणसाला लगेच झोपवत नाहीत."

काचा उतरवायच्या आत धाकटी दाराशी हजर. अंगावर शाल, नाक लाल.

"ताई, गारठून मेले गं. एसी कमी करा म्हटलं तर हे म्हणतात, मग घेतला कशाला?" ती वर चढली आणि हात चोळत थांबली. "अगंबाई, इथे किती छान ऊब आहे! भाऊजी, मी आता घरापर्यंत तुमच्यातच." मग तिने बहिणीचा चेहरा पाहिला. "तुला एवढा घाम कशाचा?"

"चढ होता ना," थोरली म्हणाली, जणू पायी आली होती.

धाकटीने हीटरच्या बटणाकडे पाहिलं, बहिणीच्या केसांकडे पाहिलं, आणि काही न विचारता सरकून बसली. तिला लहानपणापासून ही बहीण माहीत होती.

उतार लागला. आता इंजिनाला काही नको होतं. थंडोबाने एसीकडे हात नेला. हा थोरलीच्या हक्काचा गारवा. थोरलीने शेजारी पाहिलं. पूर्वी पांघरुणात शिरायची तशी धाकटी तिच्या खांद्याला चिकटून डोळे मिटून होती. मध्येच शिंकली.

"राहू द्या," थोरली म्हणाली.

"तीनवर?"

"एकवर आणा. माणसं आहोत."

हिशेब असा लागला. इंजिनाला काहीच तोशीस पडली नाही. धाकटीला ऊब फुकट मिळाली, तिच्या नवऱ्याला गार, रिकामी गाडी. थोरलीची इस्त्री गेली, दोनदा बांधलेले केस गेले, आणि एसी तर तिच्यासाठी पुन्हा लागलाच नाही. बाकी सगळं थंडोबाच्या शर्टाने भरलं. धाकटीच्या घरामागे जाऊन तो शर्ट पिळत होता आणि तसाच ओला पुन्हा अंगात घालणार होता, तेवढ्यात थोरलीने तो हातातून घेतला. मागच्या दोरीवर जागा होती. ती पुढे गेली आणि नव्या घराच्या दर्शनी कठड्यावर, रस्त्यावरून दिसेल असा, नीट पसरून तिने तो वाळत घातला.