नवा नर आल्यापासून

दादा कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकायचा. त्याच्या केनेलमधली आणखी एक कुत्री गाभडली, तेव्हा मी त्याला पुन्हा सांगितलं की सगळ्यांचं रक्त तपासू दे. मी जनावरांची डॉक्टर, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ. पण त्याच्या लेखी मी अजून त्याच्या सायकलवर मागे बसणारं शेंडेफळच होते. हवा बदलली की होतंच असं, म्हणाला, आणि नव्या नराला पुढच्या कुत्रीकडे घेऊन गेला.

तिथली बाळंतपणं वहिनी करायची. जाळ्यांमागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या चादरी अंथरून ती कुत्रीजवळ बसून राहायची. अडकलेलं पिल्लू हलक्या हाताने ओढून घ्यायची, श्वास न घेणाऱ्याला टॉवेलने चोळायची. अलीकडे चोळून उपयोग होत नव्हता. मेलेली पिल्लंही तीच उचलायची, फरशीही तीच धुवायची.

मग तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, सकाळी अंथरूण घामाने भिजवून उतरायचा. कंबर धरली. हिला कामाचा कंटाळा आलाय, असं दादा म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं आणि शंका बोलून दाखवली. दादा घरी नसताना कुत्र्यांचंही रक्त घेतलं. वहिनीनेच एकेकीला धरून दिलं.

दोन्हीकडून उत्तर एकच आलं. ब्रुसेला. नर-मादीच्या संगातून, पडलेल्या गर्भातून, लघवीतूनसुद्धा पसरणारा जिवाणू. माणसालाही होतो. माणूस औषधाने बरा होतो, कुत्र्याच्या अंगातून मात्र तो पुरता गेला असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही.

दादाने नर ज्याच्याकडून आणला होता, त्याला मी फोन केला. आधी तो गुळमुळीत बोलला. मग म्हणाला, त्याच्याकडेही गर्भ पडत होते, आणि तपासल्याशिवाय हा नर लावू नकोस असं त्याने दादाला बजावलं होतं.

म्हणजे दादाला माहीत होतं.

मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. त्याने नाकारलं नाही. "बोभाटा झाला तर दाराशी काळं कुत्रंही फिरकणार नाही," एवढंच म्हणाला. आपण काय बोललो, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

वहिनीने गॅस बंद केला. "नवा नर आल्यापासून तुम्ही एकाही बाळंतपणाला हात लावला नाहीत," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यावर भरवसा आहे म्हणून."

तरीही दादाची जीभ रेटली. उद्या एक कुटुंब मादी न्यायला येतंय, ती जाऊ दे, मग बघू, म्हणाला.

वहिनीने टेबलावरचा त्याचा फोन उचलला. त्या कुटुंबाला आधी सांगितलं. मग भिंतीला टेकून, घोगऱ्या आवाजात, पिल्लं नेलेल्या एकेका घरी फोन लावत बसली. कुत्र्याचं रक्त तपासून घ्या, घरात कुणी पोटुशी असेल तर जवळ जाऊ देऊ नका. दादा फोन हिसकावायला पुढे आला, तशी मी मध्ये उभी राहिले.

"लाव हात," मी म्हणाले. त्याने लावला नाही.

केनेलला टाळं लागलं. रोग झालेल्या कुत्र्यांना शेवटची सुई मीच दिली. त्या मुक्या जिवांनी माझ्यासमोर निमूट पाय पुढे केले आणि मला भावाची आणखीच चीड आली. तो त्या दिवशी घरातून बाहेर आला नाही. बहिणीने भरल्या घराचं वाटोळं केलं, असं नातेवाइकांत सांगत फिरतो. फिरू दे.

वहिनी माझ्याकडे राहते. महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन ताप गेला, कंबर अजून दुखते. मध्यंतरी दादा तिला न्यायला आला होता. झालं गेलं विसरून जा, म्हणाला. तिने दारातच त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. मला अजून त्याला बरंच सुनवायचं होतं, मी कडीला हात घातला.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही."