काळ्या हातांचे मास्तर

अक्रोड सोलायचे दिवस आले की आमच्या गावात शेंबड्या पोरापासून इमामापर्यंत सगळ्यांचे हात काळे होतात. हिरव्या सालीचा डाग महिनाभर काही केल्या निघत नाही. फेस शहरातून नव्याने आलेल्या अन्वर मास्तरांना हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं. पांढरा कोट घालून ते शाळेच्या दारात हात तपासायचे आणि काळे हात दिसले की पोराला घरी धाडायचे. आठवड्याभरात वर्गात दोघंच उरले: दुकानदाराची मुलगी आणि स्वतः मास्तर.

माझी मुलगी तूदा दुसऱ्यांदा परत आली, तेव्हा मीच शाळेत गेले. मेकनेस शहरात सहा वर्षं धुणीभांडी केली, म्हणून मला मास्तरांची अरबी येते. बाकी गाव आमची डोंगरातली भाषाच बोलतं.

"बाई, साबण मिळतो ना इथे?" मास्तरांनी विचारलं.

"साबण मिळतो. माणसं मिळत नाहीत. चाळीस पोती सोलायची आहेत, शुक्रवारी या."

"मी शिक्षक आहे."

"असू द्या. आम्ही शिकवू."

आणि ते खरंच आले. माझ्या सासूबाईंनी, हद्दा त्यांचं नाव, मास्तरांपुढे पोतं आणि दगड ठेवला. थोड्या वेळाने त्या मला म्हणाल्या, "विचार या बगळ्याला, आईने कधी कामाला लावलं नव्हतं का?"

"काय म्हणतात?" मास्तर म्हणाले.

"छान चाललंय म्हणतात."

दुपारी मास्तरांनी आमच्या भाषेत पहिलं वाक्य जुळवलं. त्यांना भाकरी हवी होती. भाकरीला आम्ही अघ्रूम म्हणतो. ते म्हणाले, "आजी, थोडं अघ्यूल द्या." अघ्यूल म्हणजे गाढव.

"देते की," सासूबाई म्हणाल्या. "कुठला भाग देऊ?"

पोरं हसून लोळायला लागली. मी अर्थ सांगितल्यावर मास्तरही हसले. मग तूदाकडून तो शब्द दहा वेळा घोकून घेतला.

दोन दिवस त्यांनी हातांना लिंबू लावलं, राख लावली, शेवटी ब्लीच लावलं. कातडी निघाली, रंग राहिला. सोमवारी ते शाळेच्या दारात उभे राहिले. महिनाभर त्यांच्यासमोर अरबीचा एक शब्दही न काढलेल्या माझ्या पोरीने त्यांचे हात नीट निरखले आणि स्वच्छ अरबीत म्हणाली, "मास्तर, तुम्ही घरी जा."

मास्तर गेले. पण स्वतःच्या घरी नाही. मला सोबत घेऊन ते घरोघर फिरले आणि प्रत्येक दारात म्हणाले, "चुकलं माझं." घरी धाडलेल्या पोरांपैकी बासूच्या बापाने दार लावून घेतलं आणि पोराला पुढे आठवडाभर पाठवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ते चुकलं ते चुकलंच. पण तू सोललेले अक्रोडही मी परत सोललेत." हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

आता अक्रोडांच्या महिन्यात पोरांना सकाळी सोलता यावं म्हणून शाळा दहानंतर भरते आणि हात कोणी बघत नाही. फळ्यावर शब्द दोन्ही भाषांत असतात. पालकांची सभा झाडाखाली होते, त्यामुळे लोक येतात आणि भांडतातही. दर गुरुवारी सासूबाई पोरांना झाडपाल्याची नावं शिकवायला शाळेत जातात. परवा घरी येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर हुशार आहे गं. पण वर्गात फार बोलतो."