जपानी लिंबाचं सरबत

गोरखनं मागणी घालायला जागा निवडली ती कोलाडजवळच्या हायवेवर निघालेल्या जपानी हॉटेलातला बार. वाडीवर बोलणं झालं असतं तर मुलीच्या आईच्या, आवडीच्या बाजूनं चार बाया उभ्या राहिल्या असत्या, आणि बायांच्या तोंडी लागण्याइतका तो खुळा नव्हता. डोलवीच्या कंपनीत माणसं पुरवून पुरवून तो गब्बर झाला होता. वाडीतच वाढलेला, पण आता वाडीत गाडीतून उतरला की नाकाला रुमाल लावायचा. मेल्याला आपल्याच उकिरड्याचा वास यायला लागला होता.

आवडी आली ती 'नाय' सांगायलाच. गोरखला त्याच्या पोरासाठी, रोशनसाठी, तिची पोर शिल्पा हवी होती. रोशनची पहिली बायको मोडलेलं मनगट घेऊन माहेरी गेली होती, ती परतली नव्हती. असल्या घरात देण्यापेक्षा पोर विहिरीत ढकललेली बरी. शिल्पाही तेच म्हणाली होती. नकार एकदा तोंडावर सांगितला की रोजचे निरोप थांबतील, एवढ्यासाठीच आवडीनं हा रस्ता तुडवला होता.

बारपाशी गोरख होता, शेजारच्या स्टुलावर मोबाइलात डोकं घातलेला रोशन होता आणि वाडीचा म्हातारा कारभारी मोरू होता. मोरूला गोरखनंच गाडीतून आणलं होतं. तेव्हा तो कोणाची री ओढणार, हे उघडच होतं.

"दारूला मी हात लावणार नाय, भावजी," आवडीनं आधीच बजावलं.

बजावलं कारण तिच्या वाडीत मागणीची दारू मुलीच्या आईनं मुलीच्या नावानं ओठाला लावली आणि पितरांच्या नावानं थेंब जमिनीवर पडले की सोयरीक पक्की. मग मुलीकडच्यांनी माघार घेतली तर वाडी त्यांना दारात उभं करत नाही.

"दारू कशाला गो वयनी? सरबत हाय, जपानी लिंबाचा. उन्हातून आलीस, पी."

बारमागच्या माणसानं पातळ काचेचा पेला पुढं सरकवला. वर पांढरा फेस, आत बर्फाचा एकच भला मोठा तुकडा, कडेला लिंबाच्या सालीची पट्टी. आवडीचा घसा कोरडा पडला होता. तिनं मोठा घोट घेतला. इतकं आंबट की डोळे मिटले, मग सालीचा कडसर वास नाकात चढला. चांगलं होतं. मेलं खरंच चांगलं होतं. तिनं दुसरा घोट घेतला आणि छातीत ऊब उतरली. ही ऊब तिच्या चांगल्या ओळखीची होती.

"ह्यात दारू हाय!"

"जपानी हाय," गोरख हसला, "पण दारूच."

त्यानं तिच्या पेल्यात बोट बुडवलं आणि चकचकीत फरशीवर थेंब उडवले. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं आणि शेवटी जगनचं घेतलं. जगन म्हणजे आवडीचा मेलेला नवरा. बारवाला फडकं घेऊन धावला. "सर, प्लीज, फ्लोअरवर नको..."

"पुस मंग," गोरख म्हणाला. "मोरूकाका, बघितलात ना?"

"बघितला," मोरू म्हणाला. "प्यायली ती."

रोशननं दात काढले. आवडीचे कान संतापानं तापले. पेला उचलून त्या दातांवर हाणावा असं तिला वाटलं, पण तसं करून प्यायलेली दारू परत येणार नव्हती. तिनं पेला बाजूला सारला. मग मोरूकडे वळली.

"काका, शिल्पाचा होकार घेऊन आले असते तर तिच्या नावानं प्यायले असते. ह्यानं मला फसवून पाजली. मंग ही दारू कुणाच्या नावाची?"

मोरूनं डोकं खाजवलं. "तशी बघितली तर... तुझ्याच."

"आनि इधवेनं दुसरा घर केला तर वाडीची आडकाठी हाय काय?"

"नाय बा. कधीच नव्हती."

"मंग झाला! मागणी रोशनची, प्यायले मी. लगीन माझ्याशी." तिनं डोक्यावर पदर ओढला. "सासरेबुवा, मुहूर्त कधीचा?"

रोशनचा मोबाइल खाली पडला. "बाबा, ही काय बोलतेय?"

"मस्करी बास," गोरख गुरगुरला.

"जगनच्या नावानं थेंब टाकलास तवा मस्करी व्हती काय रं? मस्करी असंल तर मागणी मागं घे. कारभाऱ्यासमोर."

गोरखनं मोरूकडे पाहिलं. पण मोरू कारभारी होता. गाडीतून आला तरी वाडीचा रिवाज त्याला मोडवेना. "व्हय गोरख," तो म्हणाला. "एक तर सून घरी ने, नायतर मागं घे. आनि घेतलीस की त्या घरात पुन्हा मागणी नाय."

"घेतली," गोरख दातांत पुटपुटला.

"नाव घेऊन सांग," आवडी म्हणाली.

"शिल्पाची मागणी मागं घेतली!" तो ओरडला. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

आवडी स्टुलावरून उतरली आणि बाहेर पडली. गोरखनं गाडीत घेतलं नाही म्हणून मोरूही तिच्यासोबत हायवेच्या कडेनं चालायला लागला. बरंच अंतर तो गालात हसत होता. मग एकदम थांबला.

"काय गो, आनि तो 'ठरला' म्हनला असता तर?"

"तर केला असता लगीन," आवडी म्हणाली. "पोर तरी सुटली असती."