डॉब्सन्समधला उपासाचा बटाटा

डॉब्सन्स हे दुकान बंद पडल्याचं दुःख इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकला सात वर्षांनी झालं. चालू होतं तेव्हा तिथे कोणी फिरकत नव्हतं, म्हणून तर बंद पडलं. पण गेल्या शनिवारी लायब्ररीत ‘डॉब्सन्सच्या आठवणी’ असा कार्यक्रम ठेवला आणि लोक टिश्यू घेऊन हजर.

काय मिळायचं तिथे? लोकर, उंदराचे सापळे, एकदा वितळून परत घट्ट झालेली चॉकलेटं आणि प्लास्टिकची फुलं. फुलं खोटी, त्यांच्यावरची धूळ खरी. सगळ्यात मागे लंच काउंटर. त्याच्यासमोर सहा फिरती स्टुलं, त्यातली चार फिरायची. काउंटरमागे डोरीन.

माझ्या आईची फार इच्छा होती की मी तिथे आठवण वाचावी. बाबांना इथल्या बिझनेस पार्कमध्ये नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून आलो, तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबा ऑफिसात, आई दिवसभर घरात. हवामानाच्या पलीकडे तिच्याशी बोलणारी गावात एकच बाई, ती डोरीन. आता लायब्ररीच्या भिंतीवर जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो लागणार होते, आणि आपणही या गावचेच, हे आईला त्या भिंतीवर बघायचं होतं. माझं भाषणसुद्धा तिनेच लिहिलं. ‘डोरीन मला मायेने बटाटा भरवायची.’

“आई, तिने मला कधी चमचासुद्धा पुसून दिला नाही.”

“अगं, चार लोकांत असंच बोलतात. तुला काय जातंय?”

खरी गोष्ट सांगते. आईची एकादशी असायची आणि उपासाला बटाटा चालतो. म्हणून ती जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, मागायची. फक्त बटर, वर टोमॅटोच्या रसातल्या बीन्स नकोत. डोरीन ‘हो लव्ह, हो लव्ह’ करत वर बीन्सचा डोंगर ओतायची. आईने परत सांगितलं, तर डोरीन चमच्याने बीन्स खरवडायची आणि तोच लाल माखलेला बटाटा पुढे सरकवायची. आई थँक्यू म्हणायची, बशी माझ्यापुढे करायची आणि दिवसभर नुसत्या काळ्या चहावर राहायची. महिन्यातून दोनदा. तीन वर्षं. मी मूर्ख, मला वाटायचं काय लाड चाललेत माझे.

तर शनिवार. डोरीन पहिल्या रांगेत, मखरात बसवल्यासारखी. एक आजोबा तिथल्या सॉसेज रोलच्या आठवणीने रडले. रोल गेला म्हणून इतकं, तर बायको गेल्यावर काय करतील कोण जाणे. मग आईचं डोरीनकडे लक्ष गेलं, डोरीनचं आईकडे.

“अय्या, माझी पोटॅटो लेडी,” डोरीन म्हणाली.

आई लाजली. खरंच लाजली, बक्षीस मिळाल्यासारखी. भिंतीवर फोटो होता: काउंटरवर हसणारी डोरीन, बाजूला आई, स्टुलावर मी, तोंड बीन्सने माखलेलं. खाली छापलं होतं, ‘डोरीन आणि गिऱ्हाइकं’.

माझं नाव पुकारलं. मी आईचा कागद खुर्चीवर ठेवला.

“वरदा, तो वाच,” आई मराठीत कुजबुजली. “माझ्यासाठी.”

मी वाचला नाही. माइकवर जे वर सांगितलं ते सगळं सांगितलं, बीन्ससकट, तीन वर्षांसकट. सॉसेजवाले आजोबा रडायचे थांबले, तेवढं तरी झालं.

डोरीन हसली. “पण लव्ह, आईने सांगायचं ना. मला कसं कळणार?”

लगेच सगळ्या हॉलला हायसं वाटलं. अर्थात. चूक कोणाची ते ठरलं, आता केक कापायला मोकळे. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते लायब्ररीत बोलण्यासारखं नव्हतं. पण त्याआधी आई उभी राहिली. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टशी फोनवर बोलते तसं सावकाश, नीट इंग्लिशमध्ये बोलली.

“मी सांगायचे, डोरीन. दर वेळी सांगायचे. तू म्हणायचीस, थोडं खा, आमच्याकडे असंच खातात.”

डोरीनने लायब्रेरियनकडे पाहिलं. लायब्रेरियनने केककडे.

“हवं असेल तर... फोटो भिंतीवरून उतरवून ठेवू आम्ही,” लायब्रेरियन म्हणाली.

“नको, राहू दे,” आई म्हणाली. “पेन आहे का?”

तिने भिंतीपाशी जाऊन ‘गिऱ्हाइकं’वर काट मारली आणि वर लिहिलं, सुचेता आणि वरदा. अक्षर अजिबात घाईचं नव्हतं. सगळे ताटकळले. ताटकळू देत.

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “कोट घाल. आणि मी ‘माझ्यासाठी’ म्हटलं होतं, ते घरी गेल्यावर बोलू.”

बोलली. चांगली तासभर.