एकही कडं अडकलं नाही

"एकतीस वर्षं झाली, माझं एकही कडं अडकलं नाही." हे वाक्य अप्पा चहासारखं दिवसातून दोनदा तरी घेत. कारखान्यात ते पाठ नाही असा माणूस शोधून सापडला नसता. आणि खरं सांगायचं तर तो तोरा त्यांना शोभायचाही. पोलादाचं जड दातेरी कडं भट्टीत तापवायचं, फुगून त्याचं भोक मोठं झालं की यंत्राच्या जाड दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर सरकवायचं, आणि निवताना त्यानं शाफ्टला अशी मिठी मारायची की जन्मात सुटायचं नाव नको. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. मध्येच अडकलं, तर कडंही गेलं आणि शाफ्टही गेला.

त्यांची लेक त्याच कारखान्यात, मोजमापाच्या खोलीत होती. "अर्ध्या केसाचा फरक आहे" म्हणून ती चांगले दिसणारे भाग बिनदिक्कत परत पाठवायची. सगळे तिला केसबाई म्हणत. राग कसला, ती तर मिरवायची. खाण तशी माती!

अप्पांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले आणि त्यांचं शेवटचं कडं आलं. न गंजणाऱ्या नव्या पोलादाचं, चार महिने वाट बघून मिळालेलं, एकुलतं एक.

"एकशे ऐंशी अंश. नेहमीसारखं," अप्पा म्हणाले.

"अप्पा, पोलाद नेहमीचं नाही. हे कमी फुगत असेल तर?"

"अगं, लोखंड ते लोखंड. तापलं की फुगतं. आता ते मला तू शिकवणार?"

"मी कशाला? तेच सांगेल की."

ती हसून बोलली खरी, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. एकतीस वर्षांचं नाव शेवटच्या आठवड्यात मातीत गेलं असतं, तर अप्पांनी ते मरेपर्यंत मनाला लावून घेतलं असतं. आणि तिनंही.

कड्याबरोबर त्याच पोलादाची हातभर सळई आली होती. केसबाईनं ती स्टँडवर नळीत उभी केली, स्टँडच्या खांबाला बांधलेला, केसभर वाढही दाखवणारा डायल वरच्या टोकावर टेकवला आणि नळीत वाफ सोडली. सळई तापली, वाढली, डायलचा काटा सरकून थांबला. वाढ फारच कमी दिसत होती. तिनं हिशेब मांडला.

"दोनशे ऐंशी अंश लागतील," तिनं ठणकावून सांगितलं.

कारखान्याच्या साहेबांचा चेहरा पडला. "दोनशे चाळीसच्या वर गेलं तर दात मऊ पडतील, बाई!"

"आकडा आहे साहेब. मी काय करू?"

 अप्पांनी टेबलाला एक फेरी मारली आणि लेकराचं कपाळ बघावं तसा स्टँडच्या खांबावर तळवा ठेवला.

"ताप आलाय."

"कुणाला?"

"तुझ्या खांबाला. सळई डायलला वर ढकलतेय, आणि डायल ज्याला बांधलाय तो खांबही तापून वर चाललाय. मग वाढ कमीच दिसणार; सळई खरी किती वाढली, ते त्या बिचाऱ्या डायलला कळणार कसं?"

तिनं हात लावला. खांब चांगलाच कोमट होता. नळीतून गळणारी वाफ थेट त्याच्यावर येत होती. तिचे कान लाल झाले. चार वर्षं लोकांच्या डोळ्यातली कुसळं वेचली, आणि आपलं मुसळ असं टेबलावर उभं! पण कुढत बसायचा तिचा स्वभाव नव्हता.

"चूक माझी," सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. "पुन्हा मोजते."

तिनं गळती बंद केली, खांबाला ओली फडकी गुंडाळली, मध्ये पत्रा उभा केला आणि खांबालाच थर्मामीटर बांधला. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर तेच.

"दोनशे दहा. दात शाबूत राहतील. आणि अप्पा, तुमच्या एकशे ऐंशीला ते अर्ध्यात अडकलं असतं."

एकतीस वर्षांत अप्पांनी कुणाला आकडा विचारला नव्हता. आज विचारला.

"नक्की?"

"नक्की."

"भट्टी दोनशे दहाला लावा रे!" अप्पा ओरडले.

दुपारी क्रेननं तापलेलं कडं उभ्या शाफ्टवर सोडलं. सरसर खाली आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

"घण आणा, घण!" साहेब किंचाळले.

"घणाला कुणी हात लावायचा नाही!" केसबाईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "आत जागा आहे, मी मोजलीय. ते फक्त तिरकं झालंय. अप्पा, तुमच्या बाजूनं!"

अप्पांनी जाड हातमोज्यानं एक कड दाबली. हलकेच, पोळ्यांच्या डब्याचं झाकण बसवावं तशी. ठण्ण! कडं तळाला जाऊन बसलं. अप्पांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

निरोपाच्या दिवशी बाहेरगावचे मोठे साहेब आले. इतक्या वर्षांच्या कामाबद्दल त्यांनी विचारलं. अप्पांनी छाती पुढे काढली.

"एकतीस वर्षं झाली साहेब, आमचं एकही कडं अडकलं नाही."

ते 'आमचं' केसबाईनं बरोबर टिपलं. आणि गप्प बसेल तर ती केसबाई कसली?

"अप्पा, मला इथं येऊन चारच वर्षं झालीत!"

"बरं मग?" अप्पा म्हणाले. "आता अर्ध्या केसाच्या फरकासाठी बापालाही परत पाठवतेस का?"