तीन वर्षांनी साक्ष

"आजी, दार उघड ना. आजी, मला भाजलं गं."

तीन वर्षं झाली, तरी यमुनाबाईंच्या कानातून तो आवाज गेला नव्हता. चार वर्षांच्या ईप्सिताचा, नातीचा आवाज. दाराअलीकडे आजी, दारापलीकडे नात, आणि मध्ये जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या त्या फ्लॅटचं दार. एकदा ओढलं की किल्लीवाचून ते बाहेरून उघडत नाही, हे देवदत्तने आईला दहादा बजावलं होतं. पण कचरा टाकायला म्हणून त्या गाऊनवरच खाली उतरल्या आणि साताऱ्याच्या सवयीने दार मागे ओढून घेतलं. आत गॅसवर दूध होतं, आणि दाराचा आतला खटका पोरीच्या हाताने फिरत नव्हता.

देवदत्त दुपारी कामावरून आला, तोवर दोन तास गेले होते. पोरीचा हात कोपरापर्यंत भाजला होता.

त्याची बायको वैभवी तेव्हा आधीच वेगळी होऊन कोलोनला राहत होती. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा देवदत्तने सांगितलं की पोरीला एकटी सोडून मीच कामावर गेलो, आई त्या दिवशी भाचीकडे कायझर्सलाउटर्नला होती. म्हाताऱ्या आईला परक्या मुलखात कोर्टापुढे उभं करायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. निकाल लागला. ईप्सिता आईकडे, बापाला महिन्यातून दोन तास, तेही युगेंडआम्टच्या, म्हणजे तिथल्या बालकल्याण खात्याच्या, बाईच्या देखत. आता पोर सात वर्षांची झाली होती. बापाने मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि घड्याळाकडे बघायची.

निकाल बदलून मागायचा म्हणून तो वकीलबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, बापाला वाईट वाटतं म्हणून कोर्ट आपला निकाल फिरवत नाही. पोरीच्या भल्याचं काही मोठं कारण हवं. त्या वेळी कोर्टापुढे आलंच नाही असं काहीतरी हवं. देवदत्तने मान हलवली. तसं काही नाही म्हणाला.

घरी आल्यावर त्याने हे सगळं आईला सांगितलं. यमुनाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मी सांगते कोर्टाला," त्या म्हणाल्या.

"आई, वेडी आहेस का? मी खोटं बोललो हे निघालं, तर आहेत ते दोन तासही जातील."

"जातील," त्या म्हणाल्या. "पण पोरीला आता तेच खरं वाटतं, बाप टाकून गेला."

कोलोनच्या कोर्टात दुभाषी होता, कुमार नावाचा. यमुनाबाई थांबत थांबत बोलल्या. दूध, कचरा, ओढलेलं दार. देवदत्तची मान खाली गेली. समोर बसलेली वैभवी पदराच्या सवयीने ओढणीचं टोक पिळत राहिली. एवढ्यात निकाल फिरेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. न्यायाधीशबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि शांतपणे विचारलं, दोन तासांत जिन्यावर कुणीच आलं नाही?

हे देवदत्तने आईला कधी विचारलं नव्हतं.

यमुनाबाई न्यायाधीशबाईंशी नाही, दुभाष्याशी नाही, आपल्या मुलाकडे वळून बोलल्या.

"आले होते रे. वरच्या मजल्यावरचे आजोबा. थांबले, काहीतरी विचारलं. मी गाऊनवर होते, लाज वाटली. तोंड भिंतीकडे केलं आणि हातानेच जा म्हटलं. आत पोर रडून रडून गप्प झाली होती, देवदत्ता. मी त्यांना जाऊ दिलं."