तिकिटावरचा दीड तास

“वन्सं, अडीच हजार किलोमीटर दीड तासात? विमान आहे की बंदुकीची गोळी?” वहिनीने फोनवर विचारलं, तेव्हा नणंद खळखळून हसली होती.

“तिकिटावर स्वच्छ लिहिलंय, वहिनी. अकराला निघतं, साडेबाराला पोहोचतं. माझी पदवी गणिताची आहे, विसरलीस का?”

“असेल बाई,” म्हणत वहिनीने बापडीने फोन ठेवला.

त्या दीड तासाच्या भरवशावर लेकीने आईचा आपल्याकडे येण्याचा सगळा प्रवास आखला. आईला मधुमेह. सकाळी इंजेक्शन, न्याहारी आणि साडेबाराच्या ठोक्याला जेवण. ते लांबलं की साखर झपझप उतरते. “डबाबिबा काही आणू नकोस,” तिने बजावलं होतं. “तुझ्या जेवायच्या वेळेला तू इथे उतरशील, मी जेवण घेऊन विमानतळावरच असेन. नातवाला मांडीवर घेऊन जेव.”

आज सकाळी ती त्याच नातवाला, म्हणजे आपल्या आठ महिन्यांच्या बाळाला, भरवत होती. त्याने फुर्रर्र करून घास तिच्याच अंगावर उडवला, तेवढ्यात फोन वाजला.

“बसले गं बाई विमानात! खिडकी मिळाली.”

तिने भिंतीवर पाहिलं. नऊ.

“आत्ताच? अकराचं ना तुझं विमान?”

“मग अकराच वाजलेत की! झोप पुरत नाही वाटतं तुला.”

चमचा तिच्या हातातच राहिला. इथलं घड्याळ आईकडच्या घड्याळापेक्षा दोन तास मागे. आईला फोन करताना ती रोज न चुकता वजाबाकी करायची, आणि तिकीट बघताना मात्र अक्कल गहाण! निघायची वेळ तिथली, पोहोचायची इथली. दीड तास कुठला, साडेतीन! आई उतरेल तेव्हा तिच्या पोटाच्या घड्याळात अडीच वाजलेले असतील.

“आई, ऐक, पर्समधली साखरेची पुडी...”

“ती घरीच काढून ठेवली. तूच म्हणालीस ना, तपासणीत उगाच अडवतात म्हणून? बरं, फोन बंद करा म्हणतायत. पोटात जागा ठेवून येतेय हं, इथलं काहीसुद्धा खाणार नाही!”

फोन बंद झाला.

तिने विमान कंपनीला फोन लावला. कितीतरी वेळ टिंगटिंग वाजल्यावर तिथला माणूस बोलला. “काळजी करू नका मॅडम, विमान अगदी वेळेवर आहे.”

“वेळेवर आलं तरी तिच्या जेवणाला उशीरच आहे हो!” तिचा आवाज चिरकला. “आईला मधुमेह आहे, आत कुणालातरी निरोप द्या ना!”

“बघतो,” तो म्हणाला, आणि पुन्हा तीच टिंगटिंग सुरू.

मग तिने वहिनीला सांगितलं. वहिनी टोचून एक शब्द बोलली नाही. नुसतं “अगं बाई!” म्हणाली.

बाळाला कडेवर घेऊन ती खिडकीशी उभी राहिली. बाळ तिचे केस ओढत होतं. काय करावं, तिला कळत नव्हतं. साखर उतरली की आई कुणाला हाक मारत नाही. गप्प होते. कपाळाला घाम येतो, डोळे मिटतात. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारीला डुलकी लागली.

म्हणून तुमच्याकडे त्या लेकीचं एवढंच मागणं आहे. विमानात शेजारच्या सीटवर कुणी बाई अशी डोळे मिटून बसलेली दिसली, तर झोपलीय म्हणून सोडून देऊ नका. दंडाला हात लावून हलवून बघा. डोळे उघडले तर काहीतरी गोड द्या. ती म्हणेल, “नको, लेकीकडे जेवायचंय.” तिचं ऐकू नका. आणि डोळे उघडलेच नाहीत, तर घंटी दाबा, ओरडा, पण तिच्यापासून हलू नका.